हाल्ग्रिम्सकिर्क्या चर्च, रेक्याविक (आइसलँड) : धुळ्याच्या आरसीसीवाल्याचा रिव्ह्यू

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कशाचा कापला ते पुढे येईलच, पण आधीच सांगतो की हा रिव्ह्यू फोटो काढायला जाणाऱ्यांसाठी नाहीये. म्हणजे त्यांनी पण वाचावा, पण मी धुळ्यात आरसीसीची कामं घेतो, स्लॅब, कॉलम, पाण्याच्या टाक्या, त्यामुळे माझी नजर जाते ती सळईला कव्हर (म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर) किती दिलंय आणि जॉइंट कुठे मारलाय इकडेच. आपल्या खान्देशातली पोरं आता युरोपात भरपूर झालीत, त्यांच्या मागे आईबाप, मामा-मावश्या पण जाऊन येतात, आणि आइसलँडच्या पॅकेजमध्ये हे चर्च असतंच असतं. गाइड बस थांबवतो, वीस मिनिटं देतो, सगळे जण पुतळ्यासमोर उभे राहून सेल्फी काढतात, हौशी लोक तिकीट काढून मनोऱ्यावर जातात, खाली येतात, झालं. म्हणजे त्या बिल्डिंगकडे पाठ करून गाव बघायचं आणि बिल्डिंग राहिली बाजूला. माझं म्हणणं एवढंच की उलटं करा, वर नाही गेलात तरी चालेल पण खाली भिंतीजवळ अर्धा-पाऊण तास द्या.

मी भाच्यामुळे गेलो. तो कोपनहेगनला असतो, म्हणाला मामा एवढे आलाच आहात तर आइसलँड पण करून टाकू, तिकडे लाव्हा आणि धबधबे आहेत. मी म्हटलं लाव्हा बघायला एवढ्या लांब कशाला, आपलं अख्खं धुळं लाव्ह्यावरच बसलंय. पण गेलो, आणि खरं सांगू तर धबधब्यापेक्षा हे चर्चच डोक्यात बसलं.

आता थोडी माहिती. हे लुथेरन चर्च आहे, म्हणजे मार्टिन लूथरच्या वाटेने गेलेले प्रोटेस्टंट. आइसलँडवर तेव्हा डेन्मार्कच्या राजाची सत्ता होती, त्याने १६व्या शतकात हा पंथ तिथे लावला, शेवटच्या कॅथलिक बिशपचं १५५० ला मुंडकं उडवलं आणि विषय संपला, तेव्हापासून देशाचं चर्च लुथेरनच. आपल्याकडे नंदुरबार-नवापूर पट्ट्यात स्वीडिश मिशनच्या वेळची चर्च आहेत ती पण प्रोटेस्टंटच, पण ती साधी, गावाच्या मापाची. हे मात्र ७४.५ मीटर उंच. मजल्यात मोजायचं तर पंचवीसेक मजले धरा. त्या देशातलं सगळ्यात उंच चर्च, आणि तेही टेकडीवर, त्यामुळे गावात कुठेही फिरा, मान वर केली की दिसणारच, रस्ता चुकायची भानगडच नाही.

डिझाइन गुदयोन सामुएल्सन याचं. हा तिथला सरकारी आर्किटेक्ट होता, शिकला कोपनहेगनला. त्याला १९३७ ला हे काम मिळालं, बांधकाम सुरू झालं १९४५ ला, आणि मोठ्या हॉलची प्रतिष्ठापना झाली १९८६ ला. म्हणजे पायापासून बेचाळीसाव्या वर्षात! मधल्या काळात काम तुकड्या-तुकड्याने चाललं, पैसा बराचसा लोकांच्या देणग्यांतून यायचा, जसा पैसा तसं काँक्रीट. १९४८ ला मागच्या बाजूचं तळघर तयार झालं तर तिथेच प्रार्थना चालू केली, १९७४ ला मनोरा आणि त्याच्या दोन बाजूंचे पंख उभे राहिले, मग राहिलेला मधला हॉल. आर्किटेक्ट स्वतः १९५० लाच गेला, त्याने बिचाऱ्याने तळघर तेवढं बघितलं. मी परत आल्यावर साइटवर आमच्या मिस्त्रीला मोबाइलवर फोटो दाखवले. त्याचा पहिला प्रश्न, "भाऊ, येनं सेंट्रिंग कसं करं व्हई?" म्हणजे काँक्रीट ओतायला साचा कसा बांधला असेल, आणि वर्षं ऐकल्यावर म्हणे, "मंग ठेकेदार ते मरी गया व्हई!" म्हटलं ठेकेदाराचं माहीत नाही, आर्किटेक्ट नक्की गेला.

एक गमतीची गोष्ट. मूळ प्लॅनमध्ये मनोरा एवढा उंच नव्हता. गावात आधीच लांडाकोटचं कॅथलिक चर्च उभं होतं, १९२९ चं, आणि ते पण याच गुदयोनने केलेलं. मग लुथेरनवाल्या मोठ्या मंडळींना वाटलं की आपला मनोरा त्याच्यापेक्षा वरचढ पाहिजे, म्हणून उंची वाढवून घेतली. आपल्याकडे शेजारच्या गावाने कळस चढवला की आपली कमिटी दुसऱ्या दिवशी मीटिंग लावते, त्यातलाच प्रकार. देव कोणताही असो, कमिटी सेमच.

बरं आता मुख्य मुद्दा, समोरची बाजू. मनोरा मधोमध आणि त्याच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटचे उभे खांब एकाला लागून एक उभे केलेत, बाहेरचा सगळ्यात बुटका, आतला त्याच्याहून उंच, मग त्याच्याहून उंच, असं चढत चढत मनोऱ्याला जाऊन मिळतात. लोक म्हणतात रॉकेटसारखं दिसतं, कोणी काय म्हणतं. पण ज्याने बेसॉल्टचे, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या दगडाचे, खांब बघितलेत त्याला सांगायची गरज नाही. लाव्हा थंड होताना आकसतो, आकसला की त्याला तडे जातात, आणि हे तडे पाच-सहा कोनी खांबांच्या आकारात आत आत सरकत जातात. आइसलँडमध्ये स्वार्तिफॉस नावाचा धबधबा आहे, तिथे पाण्याच्या मागे असे काळे खांब ओळीने लटकल्यासारखे दिसतात, आणि चर्चच्या डिझाइनची गोष्ट निघाली की त्याच धबधब्याचं नाव घेतात.

खान्देशी माणसाला हे लवकर पटेल. साक्री-नंदुरबारकडे गाडीने जाताना शेतांच्या मधूनच लांबच लांब भिंतीसारख्या अरुंद टेकड्या दिसतात ना, कोणी मुद्दाम बांध घातल्यासारख्या, त्या डाइक आहेत. जमिनीला उभी चीर पडली, खालून लाव्हा वर घुसला आणि त्या चिरेतच थिजला, आजूबाजूचं झिजून गेलं आणि हा कडक भाग भिंतीसारखा राहिला. नंदुरबार-धुळ्याचे डाइक भूगर्भवाल्यांमध्ये प्रसिद्ध आहेत. आणि जवळ जाऊन बघा, जिथे खांब पडलेत तिथे ते उभे नसून आडवे असतात, सरपणाची लाकडं रचून ठेवावी तसे. कारण तडा नेहमी थंड होणाऱ्या पृष्ठभागाला काटकोनात जातो. लाव्हा सपाट पसरला तर वरून-खालून थंड होतो म्हणून खांब उभे, चिरेत थिजला तर दोन्ही बाजूंनी थंड होतो म्हणून खांब आडवे. आपला दगड साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, त्यांचा त्यापुढे अगदीच नवा, काही ठिकाणी तर कालपरवाचा. पण जात तीच.

तर या माणसाने केलं काय, की जो दगड देशभर पसरलाय त्याची घडण काँक्रीटमध्ये उचलली. दगड नाही लावला! हे महत्त्वाचं. कॉलमवर दगडाच्या टाइल चिकटवून "नॅचरल लुक" देणारे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, मी स्वतः क्लायंटच्या हट्टापायी लावून दिल्यात, आणि दोन पावसाळ्यांत पोकळ वाजायला लागतात हे पण सांगितलंय. इथे क्लॅडिंग नाही, नुसतं काँक्रीट, आणि ते कशाची नक्कल करतंय हे उघड दिसतं पण फसवत नाही. फिकट राखाडी रंग ठेवलाय, काळा करून बेसॉल्ट बनवायला गेले नाहीत. मी हात लावून बघितलं, वर नजर टाकली तर खांबांच्या कडा सरळ वर गेल्यात, शेंड्यापर्यंत ओळंबा कुठे ढळलेला दिसत नाही, आणि ही कामं कुठल्या काळातली तर १९७४ च्या आधीची. एका बाजूने ऊन असलं की प्रत्येक खांबाची सावली शेजारच्यावर पडते आणि सगळी भिंत पट्ट्या-पट्ट्यांची दिसते, ढग आला की एकदम सपाट. तिथे ढग दर पाच मिनिटाला येतो-जातो, त्यामुळे थांबलात तर दोन्ही बघायला मिळेल, वेगळं काही करायला नको.

काँक्रीटच का, हा प्रश्न भाच्याने विचारला होता. कारण तिथे दुसरं काही नव्हतंच. इमारती लाकडासाठी जंगल नाही, विटांसाठी धड माती नाही. जुनी घरं गवताच्या-मातीच्या ढेकळांची, नंतर लाकूड बाहेरून आणायचे. १९१५ ला रेक्याविकच्या मधल्या भागात मोठी आग लागली, लाकडी घरं जळाली, त्यानंतर गावात लाकडी बांधकामावर बंधनं आली आणि लोक काँक्रीटकडे वळले. सिमेंट बरीच वर्षं परदेशातून यायचं. स्वतःचा सरकारी कारखाना आक्रानेसला १९५८ ला चालू झाला, आणि त्यात चुनखडी कुठली, तर समुद्राच्या तळातून उपसलेली शिंपल्यांची वाळू! चुनखडीचा दगडच नाही ना देशात. हे ऐकून मला तर भारीच वाटलं, आपण गिरणा-तापीच्या वाळूसाठी भांडतो, ही लोकं समुद्रातून सिमेंट काढत होती.

आता याच्यात एक लोचा झाला आणि तो आपल्या लाइनच्या पोरांनी समजून घेण्यासारखा आहे. त्या सिमेंटमध्ये अल्कलीचं, म्हणजे सोडा-पोटॅशसारख्या क्षारांचं, प्रमाण जास्त, आणि तिथल्या काही खडी-वाळूत अशी सिलिका की जी अल्कलीशी रिॲक्शन करते. त्यातून एक जेल तयार होते, ती पाणी शोषून फुगते आणि काँक्रीटला आतून तडे पाडते. त्या काळात बांधलेल्या बऱ्याच घरांच्या भिंती अशा तडकल्या. मग १९७९ पासून त्यांनी सिमेंटमध्येच सिलिका फ्यूम मिसळायला सुरुवात केली, म्हणजे फेरोसिलिकॉनच्या कारखान्यातून निघणारी बारीक धूळ. ही धूळ अल्कली आधीच पकडून ठेवते आणि काँक्रीट घट्ट पण करते. आपल्याकडे दीपनगरच्या वीज केंद्राची राख सिमेंटमध्ये जाते त्याच्यामागे पण साधारण हेच गणित. तरी अजून क्लायंट येतो आणि म्हणतो राखेचं सिमेंट नको, चांगलं द्या. आता त्याला आइसलँडची गोष्ट सांगायची. चर्चला हा रोग झाला असं मी म्हणत नाहीये, पण ज्या देशात काँक्रीटने एवढा त्रास दिला त्या देशाने आपली सगळ्यात मोठी ओळख काँक्रीटचीच ठेवली याचं मला कौतुक वाटतं.

त्रास मात्र चर्चला पण झाला. २००८ ला मनोऱ्याची मोठी दुरुस्ती काढावी लागली, सगळा मनोरा परांचीने झाकून टाकला होता, २००९ च्या शेवटी उतरवली. म्हणजे नेमका तोच काळ जेव्हा आइसलँडच्या बँका बुडाल्या आणि त्यांचं चलन धाडकन खाली आलं, बाहेरून आणायचं सगळं साहित्य महाग. असं काम हातात असणाऱ्याची काय हालत झाली असेल ते ठेकेदारच जाणे. तिथल्या हवेचा काँक्रीटला मोठा धोका म्हणजे पाणी गोठणं. आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्रीला स्लॅब टाकला तर पाणी मारता मारता जीव जातो, टँकर मागवा, गोणपाट टाका, संध्याकाळपर्यंत परत कोरडं. तिथे उलटं, पाणी जाता जात नाही. बारीक छिद्रात पाणी शिरतं, रात्री गोठतं, गोठलं की साधारण नऊ टक्के फुगतं, सकाळी वितळतं, परत शिरतं. हिवाळ्यात पारा शून्याच्या वर-खाली सारखा होत राहतो म्हणून रशियासारख्या कडक थंडीपेक्षा पण हे वाईट. वरून समुद्राचा खारा वारा सळईला गंज लावायला बसलेलाच आहे. आणि वारा म्हणजे कसा, पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो. मिसेसची छत्री पहिल्याच चौकात उलटी झाली. अशा ठिकाणी उंच, उघडा, समुद्राकडे तोंड करून उभा असलेला मनोरा, त्याला किती कव्हर पाहिजे आणि किती देखभाल पाहिजे याचा विचार केला तर साडेचार स्टार आपोआप हातातून सुटतात.

आत चला. मोठ्या दारावर आणि त्याच्या वरच्या रंगीत काचेवर लेइफुर ब्रेइदफ्योर्द या कलाकाराचं काम आहे, दारात लाल काचेचे तुकडे बसवलेत. पण आत पाऊल टाकलं की रंग संपला. फिकट भिंती, उंच उंच टोकदार कमानी, खांब वर जाऊन फांदल्यासारखे फुटतात आणि छताला धरतात, युरोपातल्या जुन्या गॉथिक चर्चची पद्धत, फक्त दगडाच्या ठिकाणी काँक्रीट आणि मूर्ती-नक्षी-सोनं काहीच नाही. लुथेरन लोकांना तसाही झगमगाट कमीच आवडतो. खिडक्या अरुंद आणि उंच, बहुतेक साध्या काचेच्या, त्यामुळे बाहेरचा जो काही उजेड असेल तोच आत. मिसेस म्हणाल्या की किती मोकळं मोकळं आहे, काहीतरी राहिलंय करायचं असं वाटतं. मला तसं नाही वाटलं. जिथे सजावट नसते तिथे कारागिराला लपायला जागा नसते, कमानीची रेघ जरा वाकडी गेली तरी लगेच दिसेल, आणि इथे मान दुखेपर्यंत बघितलं तरी वाकडी रेघ सापडली नाही. पीओपीच्या फॉल्स सीलिंगखाली काय काय झाकलेलं असतं ते आम्हाला विचारा.

बसायचे बाक बघून घ्या, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. त्यांची पाठ फिरवता येते. प्रार्थनेला लोक पुढे वेदीकडे तोंड करून बसतात, पण ऑर्गन (हवेवर वाजणारं नळ्यांचं मोठं वाद्य) आहे मागे, दाराच्या वर. कार्यक्रम असला की पाठ पलटायची आणि ऑर्गनकडे तोंड करून बसायचं. साधी बिजागरीची करामत, पण काय डोकं लावलंय! आपल्याकडच्या नाट्यगृहवाल्यांनी आधी खुर्च्या धड ठेवल्या तरी पुष्कळ झालं म्हणा.

तो ऑर्गन पण काही कमी नाही. जर्मनीतल्या बॉन शहरातल्या क्लाइस कंपनीने बनवलेला, १९९२ ला बसला, १५ मीटर उंच, वजन २५ टन आणि नळ्या ५२७५. मी लगेच हिशोब लावायला लागलो की २५ टनाचा लोड खालच्या गॅलरीवर कसा घेतला असेल. आम्ही गेलो तेव्हा कोणीतरी सराव करत होतं. खालचे सूर लागले की आवाज कानाला नाही, बाकाच्या लाकडातून मांड्यांना कळतो. पाच-सात मिनिटं वाजवलं असेल, मधेच चुकलं, परत पहिल्यापासून धरलं. फुकटात ऐकायला मिळालं, तिकीट काढून ऐकण्यापेक्षा मला तर हेच आवडलं.

नाव कोणाचं, तर हाल्ग्रिमुर पेतुर्सन, १६१४ ते १६७४, धर्मगुरू आणि कवी. येशूच्या शेवटच्या दिवसांवर त्याने ५० भजनं लिहिली, ती आजही ईस्टरच्या आधीच्या दिवसांत तिथल्या रेडिओवर रोज वाचतात. शेवटी कुष्ठरोगाने गेला. देशातलं सगळ्यात मोठं चर्च आणि नाव राजाचं नाही, कवीचं. आपल्या जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे, त्यामुळे आपल्याला यात नवल वाटायला नको, पण मला बरं वाटलं. त्याच्या बायकोची कहाणी तर आणखीनच वेगळी. १६२७ ला अल्जेरियाकडचे समुद्री चाचे आइसलँडमधून शेकडो माणसं उचलून घेऊन गेले, त्यात ही गुद्रिदुर. काही वर्षांनी खंडणी भरून सोडवून आणलेल्या लोकांना परत धर्म शिकवायला कोपनहेगनला एक विद्यार्थी नेमला, तो हा हाल्ग्रिमुर, आणि तिथेच दोघांचं जुळलं. मनोऱ्यातल्या तीन मोठ्या घंटांना या दोघांची आणि त्यांच्या लहानपणीच वारलेल्या मुलीची, स्टेनुनची, नावं दिलीत. हे गाइडने नाही सांगितलं, त्याला वीस मिनिटांत बस भरायची होती. (टूर कंपनीचं नाव घेत नाही, सगळ्या सारख्याच.)

मनोऱ्यावर जायचं असेल तर तिकीट हजार क्रोनाच्या (तिथलं चलन) वर, म्हणजे माणशी सहा-सातशे रुपयांच्या पुढेच पकडा. चर्चमध्ये नुसतं जायला पैसे नाहीत. लिफ्ट आहे, वर थोड्या पायऱ्या चढाव्या लागतात, गुडघेवाल्यांनी विचार करून जावं. वरून दिसतात ती रंगीबेरंगी छपरं, लाल, हिरवी, निळी, आणि ही छपरं कसली, तर पत्र्याची! नालीदार पत्रा, आपण गोडाऊनला लावतो तोच. छपरालाच नाही, जुन्या लाकडी घरांच्या भिंतींना पण बाहेरून पत्राच ठोकलाय, १९व्या शतकात इंग्लंडहून यायला लागला तेव्हापासून, कारण आडव्या पावसाला दुसरं काही टिकत नाही. आपल्याकडे पत्र्याचं घर म्हटलं की पोरगी द्यायला लोक मागेपुढे बघतात, तिथे अशा घरांचे भाव ऐकाल तर चक्कर येईल.

आता तो अर्धा स्टार. समोरून बिल्डिंग जेवढी जबरदस्त आहे तेवढी मागून नाही. मागे फिरून गेलात तर हॉलचा लांब डबा आणि टोकाला गोल घुमटाचा भाग दिसतो, आणि समोरच्या खांबांचं आणि या घुमटाचं नातं काही लागत नाही, दोन वेगळ्या बिल्डिंग जोडल्यासारख्या वाटतात. बाजूने बघितलं की हे जास्तच खटकतं, मनोरा पुढे धावतोय आणि हॉल मागे राहिलाय. काही जण म्हणतील तुकड्यांत बांधलं म्हणून असं झालं. मला तसं वाटत नाही, डिझाइनच समोरच्या बाजूवर जास्त जीव लावून केलंय. कोपनहेगनला भाच्याने ग्रुंडविगचं चर्च दाखवलं होतं, १९४० ला पूर्ण झालेलं, तेही लुथेरनच, समोरून तेही असंच उभ्या पट्ट्यांचं पायऱ्या-पायऱ्यांनी चढत जाणारं, पण पिवळ्या विटांचं, म्हणतात पन्नास-साठ लाख विटा गेल्यात. तिथे मागे जा, बाजूला जा, आत जा, कुठूनही तीच वीट, तोच हात. हे त्याच्याइतकं सगळ्या बाजूंनी जमलेलं नाही. पण वीट रचून खांब करणं आणि काँक्रीट ओतून करणं यात मला विचाराल तर दुसऱ्यात चूक सुधारायची सोय नाही, त्यामुळे मार्क जास्त कापवत नाहीत.

समोर पुतळा आहे तो लेइफ एरिक्सनचा, कोलंबसच्या कितीतरी आधी अमेरिकेला पोहोचलेला म्हणतात तो. अमेरिकेने १९३० ला भेट दिला, आइसलँडच्या संसदेला हजार वर्षं झाली म्हणून. म्हणजे पुतळा चर्चच्या आधीचा आहे. फोटो काढायचा तर पुतळ्याच्या समोरून थोडं लांब जाऊन काढा, दोन्ही बसतात. गर्दी उन्हाळ्यात दिवसभर असते, पण तिथे जून-जुलैला रात्री अकरालाही उजेड असतो, जेवून उशिरा गेलात तर पटांगण जवळजवळ रिकामं मिळतं. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा फिरायला आत जाऊ नका, बरं दिसत नाही. टोपी कान झाकणारी घ्या, छत्री घरी ठेवा. जेवणाचं म्हणाल तर आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती म्हणून तरलो, सूपच्या एका वाटीत धुळ्यात चार जणांची शेवभाजी भाकरीसकट होते.

वेळ असेल तर आणखी दोन चर्च जोडून घ्या. लांडाकोटचं कॅथलिक, चालत जाता येतं, त्याच आर्किटेक्टचं म्हणून बघा, तिथे तो अजून गॉथिकची नक्कल करतोय आणि इथे स्वतःचं सापडलंय हे लगेच कळतं. दुसरं कोपावोगुरचं, शेजारचंच गाव, सिटी बसने जाता येतं, १९६२ चं, ते पण लुथेरन आणि काँक्रीटचंच. टेकडीवर नुसत्या पांढऱ्या कमानी, मनोरा नाही काही नाही, कमानींच्या मधल्या जागेत रंगीत काच. पाच मिनिटांत बाहेरून बघून होतं. आमच्या भाच्याला ते जास्त आवडलं, म्हणतो मामा हे जास्त मॉडर्न आहे. असेल. मला कमानीच्या पायाशी पाण्याचा निचरा कसा केलाय ते बघायचं होतं, पण बस आली.